दुष्फेन पाणी, साबणाचा फेस आणि एका गावातले दात

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातले दोन शब्द आपण सगळ्यांनीच पाठ केलेले असतात : सुफेन पाणी आणि दुष्फेन पाणी. घरात हे शब्द कोणी वापरत नाही. घरी म्हणतात, "बोअरचं पाणी जड आहे", "या पाण्यात डाळ शिजत नाही", "गिझरची कॉइल पुन्हा गेली". पण पुस्तकातला शब्द जरा फोडून बघा. फेन म्हणजे फेस. ज्या पाण्यात साबणाला नीट फेस येत नाही ते दुष्फेन. म्हणजे त्या शब्दात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही, आरोग्य तर नाहीच नाही. आहे तो फक्त साबण.

हा शब्द करणाऱ्याने चूक केली असं मला म्हणायचं नाही. उलट त्याने इतिहास अगदी नेमका पकडलाय. पाण्याचं काठिण्य, ज्याला आपण प्रयोगशाळेत 'टोटल हार्डनेस' म्हणतो, ते मोजायला सुरुवात झाली ती साबण किती वाया जातो हे कळावं म्हणून. आज कुठल्याही छोट्या शहराच्या नळाच्या पाण्याचा अहवाल उघडा, त्यात हा रकाना असतोच. पीएच, टीडीएस, टोटल हार्डनेस, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड... एमएस्सीच्या प्रोजेक्टला आपण हे रकाने भरतो, शेजारी मानकातली मर्यादा लिहितो आणि 'पाणी पिण्यायोग्य आहे' असा निष्कर्ष काढून मोकळे होतो. पण यातला प्रत्येक रकाना कधीतरी कोणीतरी, कुठल्यातरी गरजेपोटी मांडलेला आहे. तो मांडण्याआधी काय दिसत नव्हतं, हा प्रश्न संशोधनाच्या तयारीत फार उपयोगाचा आहे. म्हणून आज दोन रकान्यांची गोष्ट सांगतो : एक हार्डनेसचा, दुसरा फ्लोराइडचा. दोन्ही एकमेकांत कसे गुंतलेत ते पुढे येईलच.

अबरडीनचे प्राध्यापक आणि साबणाची बाटली

थॉमस क्लार्क हे स्कॉटलंडमधल्या अबरडीनच्या मारिशल कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८४१ मध्ये त्यांनी पाण्याचा जडपणा चुन्याने काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. ऐकायला विचित्र वाटतं, कारण चुन्यातच कॅल्शियम. पण पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं असेल, तर चुन्याची निवळी बेताने घातली की दोन्हींचं मिळून न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट बनतं आणि तळाशी बसतं. जास्तीचं कॅल्शियम घालून कॅल्शियम काढायचं.

आता ही पद्धत विकायची, तर 'आधी पाणी किती जड होतं आणि नंतर किती राहिलं' हे आकड्यात दाखवायला हवं. त्यासाठी क्लार्क यांनी साबणाची चाचणी बसवली. ठरावीक ताकदीचं साबणाचं द्रावण करायचं. ठरलेल्या मापाचं पाणी बाटलीत घ्यायचं. द्रावण थोडं थोडं घालत बाटली हलवत राहायची. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शिल्लक आहेत तोवर साबणाचा साका होतो, फेस धरत नाही. ते संपले की फेस येतो आणि टिकतो. पाच मिनिटं फेस टिकला की थांबायचं आणि किती द्रावण लागलं ते वाचायचं. टायट्रेशनच आहे हे, फक्त रंगाच्या जागी फेस.

एककही त्याच काळाचं. एका गॅलन पाण्यात एक ग्रेन खडू, म्हणजे एक क्लार्क अंश. इंग्लिश गॅलनभर पाण्याचं वजन ७०,००० ग्रेन, म्हणून एक अंश म्हणजे ७०,००० भागांत एक भाग. आजच्या भाषेत लिटरमागे सुमारे १४.३ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. फ्रेंचांचा अंश वेगळा, लिटरमागे १० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. जर्मनांचा आणखी वेगळा, लिटरमागे १० मिलिग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड. तो कॅल्शियम कार्बोनेटमध्ये सुमारे १७.८ होतो. जुने पेपर वाचताना हे ध्यानात ठेवा. '२० अंश काठिण्य' एवढंच लिहिलेलं असेल तर लेखक कुठल्या देशाचा हे बघितल्याशिवाय तो आकडा आपल्या तक्त्यात घेऊ नका.

आणखी एक गोष्ट. आजही आपण हार्डनेस 'कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात' लिहितो. पाण्यात मॅग्नेशियम असलं तरी ते कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात बदलून टाकतो. त्यामुळे एकूण काठिण्य ३०० असलेली दोन पाणी आतून अगदी वेगळी असू शकतात : एकात जवळजवळ सगळं कॅल्शियम, दुसऱ्यात निम्मं मॅग्नेशियम. साबणाला फरक पडत नाही, दोन्ही त्याचा सारखाच नाश करतात. म्हणून आकड्यालाही फरक पडत नाही.

मऊ पाण्याची ओढ

एकदा आकडा हाती आला की त्यावर निर्णय व्हायला लागतात. १८५० मध्ये इंग्लंडच्या जनरल बोर्ड ऑफ हेल्थने लंडनच्या पाण्यावर अहवाल दिला. थेम्सचं जड पाणी सोडून सरे परगण्याच्या वाळूच्या पट्ट्यातलं मऊ पाणी आणावं, अशी त्यात शिफारस होती. त्यामागे धुण्याचा साबण आणि चहा वाचेल हा हिशोब मोठा होता. गरीब घरांत साबणाचा खर्च ही खरी बाब होती, तेव्हा या हिशोबाला हसण्याचं कारण नाही. लंडनने ती शिफारस मानली नाही.

ग्लासगोने मात्र मऊ पाणी आणलं. सुमारे ५५ किलोमीटर लांबच्या लॉख कॅट्रिन तलावातून बोगदे आणि कालवे काढून योजना बांधली, १८५९ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. डोंगराळ भागातलं पावसाचं पाणी, अतिशय मऊ. साबणाच्या हिशोबात पहिला नंबर.

पण घराघरांतले नळ आणि टाक्या शिशाच्या होत्या. जड पाणी पाइपच्या आत कार्बोनेटचा पातळ थर बसवतं आणि तो थर शिसं थोडंफार झाकून ठेवतो. मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाणी असा थर बसवत नाही, ते शिसंच विरघळवतं. योजना होत असताना ही शंका रसायनतज्ज्ञांपुढे आली होती, त्यावर वादही झाला होता. पुढे १९७० च्या दशकात ग्लासगोच्या घरांतलं पाणी आणि लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा शिशाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. १९७८ पासून त्या पाण्यात चुना घालून त्याचा पीएच वाढवायला सुरुवात झाली. सव्वाशे वर्षांपूर्वी जे पाणी मऊ म्हणून आणलं, त्यात मुद्दाम चुना!

इथे 'मऊ पाणी वाईट, जड पाणी चांगलं' असा उलटा नियम करू नका. मुद्दा इतकाच की साबणाची बाटली हलवून शिसं कधीच दिसलं नसतं. तो प्रश्न त्या बाटलीला विचारलेलाच नव्हता.

साबणाची पद्धत प्रयोगशाळांत शंभरेक वर्षं टिकली. १९४० च्या दशकात झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी ईडीटीए वापरून टायट्रेशन बसवलं, तेव्हा ती मागे पडली. तुम्ही बीएस्सीला केलेला प्रयोग तोच : पीएच १० चा बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी, वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा आला की थांबा. गंमत म्हणजे ईडीटीएचा जन्मही धुलाईच्या जवळचाच. १९३० च्या दशकात जर्मनीत फर्डिनांड म्युन्झ यांनी तो तयार केला, तो कापड रंगवताना पाण्यातलं कॅल्शियम त्रास देऊ नये म्हणून. पद्धत बदलली, अचूकता वाढली, पण रकान्यातला प्रश्न तोच राहिला.

कोलोरॅडोतले डागाळलेले दात

आता दुसऱ्या रकान्याकडे येऊ. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा नुकताच पदवी घेतलेला दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना टाकायला आला. तिथे जन्मलेल्या कितीतरी लोकांच्या दातांवर तपकिरी डाग होते, काहींचे तर चॉकलेटच्या रंगाचे. पुस्तकांत याचा उल्लेख नाही. गावातले लोक म्हणत, डुकराचं मांस जास्त खाल्ल्याने होतं, वाईट दुधाने होतं, पाण्यातल्या चुन्याने होतं.

मॅकेने शिकागोच्या जी. व्ही. ब्लॅक यांना गाठलं. ब्लॅक म्हणजे त्या काळच्या अमेरिकेतलं दंतशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांना आधी विश्वास बसेना. १९०९ मध्ये ते स्वतः आले. गावातच जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ ९० टक्के मुलांच्या दातांवर डाग आहेत, हे पाहणीत निघालं. पुढची काही वर्षं ब्लॅक यांनी डागाळलेलं एनॅमल सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. १९१५ मध्ये ते वारले, तोवर दोन गोष्टी पक्क्या झाल्या होत्या. पहिली, दात तयार होत असतानाच हे डाग लागतात. मोठेपणी गावात राहायला आलेल्यांना ते होत नाहीत. दुसरी, हे डागाळलेले दात किडत मात्र कमी.

पहिली गोष्ट नीट बघा. दात घडण्याच्या वयातच काहीतरी पोटात जातंय आणि ते गावातल्या सगळ्यांच्या पोटात जातंय. श्रीमंत-गरीब, मांस खाणारे-न खाणारे, सगळेच. मग उरतं काय? पाणी. मॅकेचा संशय पाण्यावर स्थिरावला. पण पाणी तपासलं की अहवाल स्वच्छ.

१९२३ मध्ये तो आयडाहो राज्यातल्या ओकली नावाच्या छोट्या गावात गेला. तिथल्या आईबापांनी सांगितलं की गावाने काही मैलांवरच्या उष्ण झऱ्याचं पाणी पाइपने आणलं आणि त्यानंतर मुलांच्या दातांवर डाग यायला लागले. मॅकेने झऱ्याचं पाणी तपासलं. संशय यावा असं काहीच सापडलं नाही. तरीही त्याने गावकऱ्यांना तो पाइप बंद करून जवळच्या दुसऱ्या झऱ्याचं पाणी घ्यायला सांगितलं. गावाने ऐकलं. काही वर्षांत तिथल्या लहान मुलांचे नवे दात पांढरे यायला लागले.

कारण हाती नसताना, रासायनिक अहवाल विरोधात असताना, केवळ 'कधीपासून' आणि 'कोणाला' या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर एका गावाने पाणी बदललं. ओकलीतल्या मुलांना रेणूचं नाव कळेपर्यंत थांबावं लागलं नाही.

बॉक्साइटचं नळाचं पाणी

आर्कान्सा राज्यात बॉक्साइट नावाचं गाव आहे. नावावरून कळतंच : ॲल्युमिनियमचं खनिज काढण्यासाठी अल्कोआ कंपनीने वसवलेलं. १९०९ मध्ये या गावाने उथळ विहिरी सोडून खोल विहिरींचं पाणी घेतलं. त्या काळी हा शहाणपणाचाच निर्णय होता, कारण खोल पाण्यात जंतूंचा धोका कमी. त्यानंतर तिथे वाढलेल्या मुलांचे दात डागाळले. पाच मैलांवर दुसऱ्या गावात एकाच्याही दातावर डाग नाही. १९२८ मध्ये गावाने खोल विहिरी सोडून नदीचं पाणी घेतलं. सार्वजनिक आरोग्य सेवेचे डॉ. ग्रोव्हर केम्फ आणि मॅके यांनी गावाची पाहणी केली आणि अहवाल छापला. पण पाण्यात नेमकं काय, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

तो अहवाल अल्कोआच्या पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगशाळेचे मुख्य रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांच्या हाती पडला. त्यांची काळजी वेगळी होती. ॲल्युमिनियमची भांडी विषारी असतात असा प्रचार तेव्हा चालला होता, त्यात कंपनीच्याच गावातल्या मुलांचे दात खराब! ॲल्युमिनियमवर आळ येण्याआधी खरं काय ते कळायला हवं. त्यांनी बॉक्साइटचं पाणी मागवलं आणि नेहमीच्या चाचण्यांवर न थांबता सहाय्यकाला वर्णपटाचं विश्लेषण करायला सांगितलं. नेहमीच्या चाचणीत आपण यादीतला पदार्थ आहे की नाही ते बघतो. वर्णपटात यादीबाहेरचंही दिसू शकतं. फ्लोराइड दिसलं. चर्चिल यांना ते पटेना. नमुना कुठेतरी खराब झाला असणार, असं समजून त्यांनी दुसरा नमुना मागवला. त्यातही तेच : १३.७ पीपीएम. जानेवारी १९३१ मध्ये त्यांनी मॅकेला पत्र लिहून हे कळवलं आणि इतर डागांच्या गावांतलं पाणीही मागवलं. तिथेही फ्लोराइड निघालं. मॅके कोलोरॅडोत आल्याला तीस वर्षं झाली होती.

एवढी वर्षं का लागली? फ्लोराइड पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत नव्हतंच. घन पदार्थ, क्लोराइड, अमोनिया, नायट्रेट, काठिण्य यांचे रकाने होते. सांडपाणी मिसळलंय का, बॉयलरमध्ये खपली धरेल का, साबण किती लागेल, हे त्यांतून कळायचं. दाताचा रकाना कोणी मांडला नव्हता.

एक ढोबळ हिशोब

आता हार्डनेस आणि फ्लोराइड यांचा संबंध बघू. कागद-पेन्सिल घ्या.

कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात फार विरघळत नाही. त्याचा विद्राव्यता गुणाकार सुमारे ३.५ × १०⁻¹¹. म्हणजे कॅल्शियमची तीव्रता गुणिले फ्लोराइडच्या तीव्रतेचा वर्ग हा या आकड्याच्या वर गेला की जास्तीचं फ्लोराइड खनिज बनून खाली बसायला लागतं.

समजा, पाण्यात कॅल्शियम लिटरमागे ४० मिलिग्रॅम आहे, म्हणजे १०⁻³ मोल. हे काठिण्यात सुमारे १०० झालं. मग फ्लोराइडची वरची मर्यादा ३.५ × १०⁻⁸ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.९ × १०⁻⁴ मोल. लिटरमागे साधारण साडेतीन मिलिग्रॅम. आता कॅल्शियम दहापट कमी करा : लिटरमागे ४ मिलिग्रॅम, काठिण्य फक्त १०. साबणाला अगदी छान पाणी. फ्लोराइडची मर्यादा आता लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम. म्हणजे बॉक्साइटएवढं फ्लोराइड वाहणाऱ्या पाण्यात कॅल्शियम फार असूच शकत नाही.

प्रत्यक्षात इतर क्षारांमुळे आकडे थोडे सरकतात, पण दिशा हीच. जास्त फ्लोराइडचं भूजल बहुतेकदा सोडियम-बायकार्बोनेट प्रकारचं असतं, कॅल्शियम कमी. चवीला वाईट नाही, फेस भरपूर, डाळ शिजते. म्हणजे जुन्या कसोटीवर जे पाणी 'चांगलं' ठरतं, त्यातच नवा धोका लपायला जागा जास्त असते. याचा अर्थ प्रत्येक मऊ पाण्यात फ्लोराइड असतं असा नाही. त्यासाठी खडकात आधी फ्लोराइडची खनिजं हवीत. पण 'हार्डनेस कमी आला, चला बरं झालं' म्हणून पुढचा रकाना न बघता अहवाल मिटू नये, एवढं या हिशोबातून नक्की कळतं.

पुरावा कसा उभा राहिला

'पाण्यात फ्लोराइड सापडलं' आणि 'फ्लोराइडमुळे दात डागाळले' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. त्यांच्यामधलं अंतर कसं भरलं गेलं, हे संशोधनपद्धतीच्या पेपरसाठी सोन्यासारखं उदाहरण आहे.

पहिला पुरावा तुलनेचा : बॉक्साइट विरुद्ध पाच मैलांवरचं गाव. दुसरा बदलाचा : ओकलीने पाणी बदललं, दात बदलले. तिसरा प्रयोगाचा : १९३१ मध्येच ॲरिझोना विद्यापीठात मार्गारेट कॅमॅक स्मिथ, एडिथ लँट्झ आणि एच. व्ही. स्मिथ यांनी सेंट डेव्हिड या गावचं पाणी आटवून उंदरांना पाजलं. त्यांच्या दातांत तसाच बिघाड झाला आणि नुसतं फ्लोराइड दिल्यावरही तसाच बिघाड झाला. चर्चिलपासून स्वतंत्रपणे ते त्याच उत्तराशी पोचले होते. चौथा प्रमाणाचा : ट्रेंडली डीन यांनी गावोगावच्या मुलांचे दात तपासून डागांची श्रेणी ठरवली. एलियास एलव्होव्ह यांनी पाण्यातलं फ्लोराइड ०.१ पीपीएमपर्यंत मोजता येईल अशी पद्धत बसवली. दोन्ही जोडल्यावर प्रमाण वाढलं की डाग वाढतात, आणि १ पीपीएमच्या आसपास बहुतेकांना त्रासदायक डाग होत नाहीत, हे दिसलं. शेवटी डीन, मॅके आणि एलव्होव्ह यांनी बॉक्साइटला पुन्हा भेट दिली; पाणी बदलल्यानंतर दहा वर्षांनी काय झालं, याचा त्यांचा अहवाल १९३८ मध्ये छापून आला. नव्या पाण्यावर वाढलेल्या मुलांचे दात स्वच्छ होते.

कमी किडणाऱ्या दातांचं निरीक्षण ब्लॅक यांच्या काळापासून पडून होतं. डीन यांनी २१ शहरांतल्या मुलांवर ते तपासलं आणि १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्सच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घालायला सुरुवात झाली. तो वाद मोठा आहे, त्यात इथे शिरत नाही.

नेल्लोर, नागपूर आणि आपली बोअरवेल

आपल्याकडे प्रश्न दातांवर थांबला नाही. १९३७ मध्ये शॉर्ट, सी. जी. पंडित आणि राघवाचारी यांनी तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर जिल्ह्यातल्या फ्लोरोसिसवर पेपर छापला. मद्रासजवळच्या गिंडी इथल्या किंग इन्स्टिट्यूटमधलं हे काम. पाठ ताठ झालेली, मान वळत नाही, सांधे आखडलेले, अशी माणसं त्यांनी पाहिली आणि त्याचा संबंध विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडशी जोडला. पाच वर्षांपूर्वीच, १९३२ मध्ये, कोपनहेगनच्या क्रायोलाइट कारखान्यातल्या कामगारांच्या हाडांत असे बदल नोंदले गेले होते. कारखान्यातल्या धुळीने होणारं दुखणं इथे विहिरीच्या पाण्याने होत होतं. यातले पंडित म्हणजे चिंतामण गोविंद पंडित, पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक.

बॉक्साइटने १९०९ मध्ये केलं तेच आपण मोठ्या प्रमाणावर केलं. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्रात खोल बोअरवेल आणि हातपंपांचं काम जोरात झालं. सोलापूर पंप, जालना पंप हे त्याच काळचे. त्या अनुभवातूनच पुढे 'इंडिया मार्क २' हातपंप आला. या पंपांनी काय दिलं ते विसरता येत नाही. उघड्या विहिरी आणि बारवांच्या पाण्यातून होणारा नारू गेला, २००० मध्ये भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. पण चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत खोल पाण्याबरोबर फ्लोराइडही वर आलं. जंतूंच्या रकान्यात पास झालेलं पाणी या रकान्यात नापास.

उपायाचं एक मोठं काम नागपूरचं. नीरी या संस्थेने १९७० च्या दशकात 'नलगोंडा तंत्र' विकसित केलं : पाण्यात चुना आणि तुरटी घालायची, ढवळायचं, साका खाली बसू द्यायचा, त्याबरोबर फ्लोराइड बरंचसं निघून जातं. पद्धत स्वस्त आहे, घरच्या बादलीतही करता येते. मात्र तुरटीचं माप पाण्यागणिक बदलतं आणि उरलेला साका टाकायचा कुठे हे ठरवावं लागतं.

आजचे आकडे

भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये एकूण काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. फ्लोराइडची १.० आणि १.५. दोन ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात म्हणून दोन्ही सारख्या वाटतात. पण जागतिक आरोग्य संघटनेने काठिण्यासाठी आरोग्यावर आधारित मर्यादा दिलेलीच नाही. तिथे प्रश्न मुख्यतः चवीचा, खपल्यांचा आणि साबणाचा आहे. फ्लोराइडची मर्यादा मात्र दात आणि हाडं बघून ठरलेली आहे. काठिण्य २५० आलं आणि फ्लोराइड २.५ आलं, तर दोन्ही ठिकाणी 'स्वीकार्य मर्यादेपेक्षा जास्त' असंच लिहाल. त्या दोन वाक्यांचं वजन सारखं नाही, हे चर्चेच्या प्रकरणात तुम्हाला सांगावं लागेल.

छोट्या शहरांत आज नवी साबणाची बाटली आलीये : टीडीएस मीटर. फिल्टर विकणारा पाण्यात ती कांडी बुडवतो, ४५० आकडा दाखवतो आणि घरातले घाबरतात. ती कांडी पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देते. त्या ४५० मध्ये फ्लोराइड अर्धा मिलिग्रॅम आहे की तीन, हे तिला कधीच कळणार नाही. गावात फ्लोराइड असेल तर आरओ उपयोगी आहे, ते ते बरंचसं काढतं. गावात नुसतं काठिण्य असेल, तर जे यंत्र घेतलं ते कशासाठी, याचं उत्तर कांडीने दिलेलं नाही.

तुमच्या प्रोजेक्टसाठी

तुमच्या गावाच्या नळाच्या पाण्यावर काम करणार असाल, तर चार गोष्टी सुचवतो.

एक, नमुने घेण्याआधी गावाच्या पाण्याचा इतिहास लिहून काढा. आधी आड होता की नदी, बोअर कधी आली, योजना कधी झाली, पाइप कसले. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागातले जुने कर्मचारी हे सांगू शकतात. ओकलीचं उत्तर आईबापांच्या आठवणीत होतं.

दोन, तक्त्यातल्या प्रत्येक मापासमोर एक वाक्य लिहा : हे कोणत्या त्रासासाठी मोजतात? लिहिता आलं नाही, तर ते माप तुम्ही फक्त प्रथा म्हणून घेताय.

तीन, एकूण काठिण्यावर थांबू नका. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगळं काढा, सोडियम आणि बायकार्बोनेट घ्या. मग फ्लोराइडचा आकडा आला की वरचा हिशोब करून तो पटतोय का बघता येईल. फ्लोराइडसाठी स्पॅडन्स पद्धत किंवा आयन-निवडक इलेक्ट्रोड विभागात असेल तर दोन्हींनी एकेक नमुना तपासा.

चार, विचित्र आकडा आला तर खोडू नका. चर्चिल यांनाही तो खोटा वाटला होता. त्यांनी दुसरा नमुना मागवला, पुन्हा मोजला आणि मग पत्र लिहिलं. क्रम हाच ठेवा.